पेशींची शिवण ओहममध्ये मोजताना

आतड्याला आतून पेशींचं अस्तर असतं, जेमतेम एका थराचं. एका बाजूला अन्नरस आणि जिवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त, मधे एवढीच भिंत. ती कुठे गळतेय का, हे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. पण त्यासाठी पेशी बहुधा माराव्या लागतात, म्हणजे त्याच थराचं उद्या काय झालं ते कळायची सोय उरत नाही. वीज सोडून तिला होणारा अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये मोजला तर पेशी जिवंत राहतात.

शरीरातल्या द्रवात वीज वाहून नेतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड. पेशीचं आवरण मेदाचं, त्यातून त्यांना सहजी वाट मिळत नाही. राहते ती शेजारशेजारच्या पेशींमधली फट, आणि ती क्लॉडिन, ऑक्लुडिन या प्रथिनांनी शिवल्यासारखी आवळलेली असते. तेव्हा मीटर जे सांगतो ते मुख्यतः या शिवणीबद्दल असतं.

प्रयोगशाळेत सच्छिद्र तळाच्या छोट्या वाटीत काको-2 पेशी वाढवतात. या पेशी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या, तरी सुमारे 3 आठवड्यांत लहान आतड्यासारख्या वागू लागतात. मग चॉपस्टिकसारख्या जोडीतला एक इलेक्ट्रोड वाटीत, दुसरा बाहेरच्या द्रवात. प्रवाह अगदी हलका आणि सतत दिशा बदलणारा. एकाच दिशेने सोडला तर इलेक्ट्रोडवर प्रभार साचतो आणि पेशींनाही त्रास होतो.

समजा मीटरवर 570 ओहम आले आणि पेशी नसलेल्या रिकाम्या वाटीचे 120. उरले 450. वाटीचं क्षेत्रफळ 1.12 चौरस सेंटिमीटर असेल तर गुणून 504 ओहम-चौरस सेंटिमीटर. इथे नवखे हमखास भागाकार करतात! पण थर जितका मोठा तितक्या वाटा जास्त आणि रोध कमी, म्हणून गुणाकारच हवा. दुसरी चूक तापमानाची. वाटी 37 अंशांच्या इन्क्युबेटरमधून बाहेर काढली की द्रव थंड होतो, आयन मंदावतात आणि शिवण तीच असूनही आकडा चढतो.

या आकड्याची खोड अशी की तो सगळ्यात कमकुवत जागेकडे झुकतो. 1000 ओहमच्या थराला कडेला ओरखडा पडून 100 ओहमची वाट मिळाली, तर मीटर दाखवेल जेमतेम 91. थर जवळपास धडधाकट, आकडा मात्र फाटक्याचा. म्हणून सावध माणूस एकदा सूक्ष्मदर्शकातही डोकावतो.

आणि कमी आकडा म्हणजे बिघाड, असंही नाही. मूत्राशयाच्या अस्तराचा रोध हजारोंच्या घरात जातो. मूत्रपिंडातल्या नलिकेच्या सुरुवातीच्या भागाचा 10 च्या आसपासच असतो. मूत्रपिंडात रोज गाळल्या जाणाऱ्या सुमारे 180 लिटर द्रवापैकी जवळपास दोन-तृतीयांश पाणी आणि मीठ याच भागाला रक्तात परत पाठवायचं असतं. घट्ट शिवण त्याला परवडणारी नाही.