संस्थेसाठी चालवलेला सामाजिक उद्योग

वस्तीतली बालवाडी, अभ्यासिका, महिला मंडळ किंवा दिव्यांग मुलांची कार्यशाळा नुसत्या देणग्यांवर न ठेवता तिच्यासाठी एखादा धंदा उभा करायचा आणि त्यातला नफा कोणाच्या खिशात न जाता संस्थेच्या कामाला लावायचा, याला सामाजिक उद्योग किंवा सोशल एंटरप्राइज म्हणतात.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्या भरपूर, त्यामुळे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा मिळतो (२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के असे खर्च करावे लागतात), पण तो बहुतेक वेळा ठराविक प्रोजेक्टपुरता येतो आणि बालवाडीच्या ताईंचा पगार, खोलीचं भाडं, लाइट बिल यासाठी हात आखडतातच. धंद्यातून येणारे पैसे कमी का असेनात, ते कुठे लावायचे हे संस्था स्वतः ठरवते, आणि हाच या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा आहे.

उदाहरण म्हणून सगळे लिज्जतचं नाव घेतात. १९५९ मध्ये गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं, मोठंच काम आहे, पण तिथला नफा काम करणाऱ्या बहिणींमध्येच वाटला जातो म्हणून तो प्रकार थोडा वेगळा. आपल्या विषयाला जवळचं उदाहरण पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा हायवेवर तारा गावात आहे, तिथे १९६१ मध्ये स्थापन झालेलं युसुफ मेहेरअली सेंटर शाळा-दवाखान्यांसोबत घाण्याचं तेल, साबण, मातीच्या वस्तू असे ग्रामोद्योगही चालवतं. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' मधून कचरा वेचणाऱ्या बायकांना खत आणि बायोगॅसच्या कामात आणलं, म्हणजे ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचंच कौशल्य धंद्यात वापरलं.

कायद्याची बाजू मात्र आधी नीट समजून घ्यायला हवी, कारण लोक उत्साहात दुकान उघडतात आणि मग ऑडिटच्या वेळी धावपळ होते. महाराष्ट्रातली बहुतेक मंडळं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात. अशा ट्रस्टने स्वतः धंदा केला तर तो संस्थेच्या उद्देशाशी जोडलेला हवा आणि त्याचे हिशोब वेगळे ठेवायला लागतात, शिवाय गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय सेवा यांसारखे ठरवून दिलेले उद्देश सोडून संस्था नुसती 'सामान्य लोकोपयोगी' गटात बसत असेल तर अशा धंद्याची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, नाहीतर त्या वर्षाची आयकर सवलत जाते. मग वेगळी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढू असं वाटतं, पण ट्रस्टचा पैसा तिच्या शेअर्समध्ये घालता येत नाही, शेअर्स हितचिंतकांनी स्वतःच्या पैशाने घ्यायचे आणि कंपनीने नफ्यातून संस्थेला देणगी द्यायची. कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची कंपनी हा तिसरा मार्ग, तिला नफा डिव्हिडंड म्हणून वाटता येत नाही, पण आयकर सवलत घेतली की २० टक्क्यांचा नियम तिलाही लागू होऊ शकतो. सीएला पहिल्याच मीटिंगला बोलवा.

धंदा कुठला निवडायचा? वस्तीतल्या बायकांना जे आधीच येतं ते. मसाले करायचे तर वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये मिरची-धणे घाऊक मिळतात, कापडी पिशव्या, दिवाळी फराळ, ऑफिसचे डबे हेही चालतं, आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून रद्दी गोळा करायला तर भांडवल जवळजवळ लागतच नाही. फराळात पैसा पटकन दिसतो पण तो सीझनपुरता असतो, उरलेले महिने काय करायचं हे आधी ठरवायला हवं. आणि भाव काढताना मजुरी धरायचीच. 'आपल्याच बायका आहेत, संस्थेसाठी करतायत' म्हणून मजुरी शून्य धरली की कागदावर नफा दिसतो, पण तो त्या बायकांच्या घामातून आलेला असतो, आणि अशा नफ्यावर संस्था चालवणं मला तरी मान्य नाही.

जीएसटीची नोंदणी आपल्याकडे साधारणपणे मालासाठी वर्षाला ४० लाख आणि सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, पण खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नोंदणी पहिल्या दिवसापासूनच हवी.

भांडवलासाठी २०२२ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, सोशल स्टॉक एक्स्चेंजचे (शेअर बाजारातला सामाजिक संस्थांना पैसे उभे करता येतील असा विभाग) नियम आणले, पण तिथे नोंदणीसाठी संस्थेचा वर्षाचा खर्च निदान ५० लाख लागतो, त्यामुळे दिव्याच्या किंवा तुर्भ्याच्या वस्तीतल्या मंडळाला ते सध्या लांबच आहे, त्यांची सुरुवात बचत गटाच्या बँक लोनवर आणि ओळखीच्या सोसायट्यांनी आगाऊ दिलेल्या ऑर्डरवरच होते.