अबोलीचा रंग कोणत्या रोलवर खरा उतरतो?

गेल्या मे महिन्यात सलग तीन दिवस, सकाळी दहाच्या उन्हात, गोव्यातील फोंड्याच्या बाजारातून आणलेली अबोलीची ताजी फांती (विणलेला गजरा) मी अंगणातील चिऱ्यांच्या कुंपणावर ठेवली, शेजारी करड्या रंगाचे कार्ड उभे केले आणि रोज फिल्मचा वेगळा रोल घालून तिची छायाचित्रे घेतली. कोडॅक गोल्ड २००, कोडॅक अल्ट्रामॅक्स ४०० आणि फुजीफिल्म सुपेरिया एक्स-ट्रा ४०० हे ते तीन रोल होत. नावातील आकडा जितका मोठा, तितकी ती फिल्म कमी उजेडात चालते. कॅमेरा आणि लेन्स तीच ठेवली, आणि प्रत्येक रोलवर प्रकाशमापकाने (मीटरने) सांगितलेले, त्याहून एक स्टॉप कमी व दोन स्टॉप जास्त असे एक्स्पोजर दिले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). रोल धुऊन आले तेव्हा एक अबोली पिवळट, दुसरी गुलाबी आणि तिसरी विटकरी दिसत होती. हा फरक फिल्मचाच, असे मी लिहूनही ठेवले होते. पण गोल्डची तीच पट्टी दुसऱ्या ठिकाणी स्कॅन करून घेतली आणि पिवळट अबोली गुलाबी होऊन परत आली.

असे का घडते, हे निगेटिव्हच्या नारिंगी रंगात दडलेले आहे. रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर एकाखाली एक असतात व त्यांत अनुक्रमे पिवळा, मॅजेंटा (किरमिजी) आणि सायन (हिरवट निळा) रंग तयार होतो. हे रंग आदर्श नसतात. मॅजेंटाने केवळ हिरवा प्रकाश अडवावा अशी अपेक्षा असते, परंतु तो थोडा निळाही अडवतो. सायनही हिरवा आणि निळा थोडाथोडा गिळतो. यावर काढलेला उपाय मला रंगीत छायाचित्रणातील सर्वांत सुंदर कल्पना वाटतो. ज्या रसायनापासून मॅजेंटा बनतो ते रसायनच मुळात पिवळसर ठेवतात, आणि सायनचे तांबूस. जिथे नवा रंग तयार होतो तिथे रसायनाचा मूळ रंग तेवढ्याच प्रमाणात नाहीसा होतो. म्हणून नको असलेले शोषण सगळ्या पट्टीवर एकसारखे पसरते आणि प्रिंट काढताना ते एकदाच वजा करता येते. पिवळसर आणि तांबूस मिळून होणाऱ्या या नारिंगी मुखवट्याची छटा प्रत्येक फिल्ममध्ये थोडी वेगळी असते. स्कॅनरने किंवा तो चालवणाऱ्याने ती कशी वजा केली, यावर अबोलीचा रंग ठरतो. म्हणून तुलना करायची असेल तर प्रत्येक फ्रेममधील करडे कार्ड आधी खरोखर करडे करून घ्यावे आणि मगच फुलाकडे पाहावे.

तसे केल्यावर माझ्या तीन अबोली बऱ्याच जवळ आल्या. गोल्डमध्ये किंचित पिवळसर झाक उरली, सुपेरियात कुंपणामागच्या माडाचा हिरवा अधिक थंड दिसला. मात्र एकाच फिल्मच्या तीन एक्स्पोजरांमधील फरक याहून मोठा निघाला.

प्रत्येक रंगाच्या थरात पुन्हा जलद आणि मंद असे उपथर असतात. जलद उपथरातील सिल्व्हर हॅलाइडचे (चांदीच्या क्षाराचे) स्फटिक मोठे असल्यामुळे ते थोड्या प्रकाशातही जागे होतात, तर मंद उपथरातील बारीक स्फटिकांना अधिक प्रकाश लागतो. डेव्हलप झालेली चांदी ब्लीच आणि फिक्सर या रसायनांत निघून जाते व तिच्या जागी रंगाचे सूक्ष्म ढग उरतात. प्रकाश कमी पडला तर केवळ मोठ्या स्फटिकांचे विरळ ढग तयार होतात आणि चित्र खरखरीत दिसते. भरपूर मिळाला तर बारीक ढग एकमेकांत मिसळून सावल्या मऊ होतात. नवख्या छायाचित्रकाराला हे उलटे वाटते, परंतु रंगीत निगेटिव्हला एक स्टॉप जास्त प्रकाश दिलेला सहसा मानवतो, एक स्टॉप कमी दिलेला क्वचितच. चिऱ्यांच्या भोकांतील काळोख भिंगातून पाहिला तेव्हा गोल्डच्या कमी एक्स्पोजरच्या फ्रेममध्ये तिथे गढूळ, हिरवट खरखर होती. दोन स्टॉप जास्तच्या फ्रेममध्ये त्याच भोकांच्या आतल्या कडा आणि दगडाचा तांबडेपणा स्पष्ट दिसत होता.

यामुळे गोव्यासाठी रोल निवडताना मी आधी ऋतू पाहतो. मे महिन्यात मिरामारच्या वाळूवर २०० पुरतो, कारण एफ/१६ एवढे लहान लेन्सचे छिद्र आणि सेकंदाचा दोनशेवा भाग एवढ्यावर काम भागते. जुलैत कुळागरात, माड-पोफळींच्या सावलीत ४०० घ्यावा. तिथे २०० वापरून एक्स्पोजर कमी ठेवण्यापेक्षा ४०० ची थोडी खरखर पत्करलेली बरी. २००८ मध्ये आलेला कोडॅकचा एक्टार १०० अत्यंत बारीक कणांचा व गडद रंगांचा आहे, पण तो उजेड भरपूर मागतो.

सुपेरियाचा एक गुण मात्र खरोखर वेगळा आहे. फुजीने १९८९ मध्ये रिआला या फिल्ममध्ये सायन प्रकाशाला प्रतिसाद देणारा चौथा थर आणला, आणि तो पुढे सुपेरियातही आला. ट्यूबलाइटखाली इतर फिल्मवर जी हिरवट कळा येते, ती या थरामुळे कमी होते. जत्रेतील खाज्यांच्या दुकानासमोर हे लगेच जाणवते. अलीकडे मिळणाऱ्या 'फुजीफिल्म २००' च्या खोक्यावर मात्र अमेरिकेत तयार झाल्याचे छापलेले असते व तिच्या माहितीपत्रकातील आलेख गोल्ड २०० शी फार जुळतात, तेव्हा त्या दोघींची तुलना करण्यात रोल खर्ची घालू नयेत.

आपल्याकडील दमट हवेत रोल कुठे ठेवला होता, हेही नोंदवावे. उष्णतेने तिन्ही थर सारख्या वेगाने खराब होत नाहीत, म्हणून गाडीत तापलेल्या रोलची रंगछटा सरकते. मी रोल मूळ डबीतच फ्रिजमध्ये ठेवतो आणि वापरण्यापूर्वी डबी न उघडता काही तास बाहेर ठेवतो, म्हणजे थंड फिल्मवर दव धरत नाही.