होज आतून फाटतो

"होजला बाहेरून एक चीर नाही, मग कशाला बदलायचा?" जुनी मारुती 800 किंवा पद्मिनी जपणाऱ्यांच्या तोंडी हे हमखास असतं. होज म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कूलंट, इंजिन आणि रेडिएटरमध्ये खेळवणारी रबरी नळी. ती मात्र बहुधा आतून खराब होते.

बाहेरून रबराला खातो ओझोन. नैसर्गिक रबराच्या रेणूसाखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका तिथेच घाव घालतो आणि ताणलेल्या रबराला भेगा पडतात. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नाहीत. आजचे बहुतेक कूलंट होज याचेच, त्यामुळे ते म्हातारे झाले तरी तुकतुकीत दिसतात.

आता आत बघू. मजबुतीसाठी रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी, घालतात. काजळी वीजवाहक, म्हणून होजही थोडासा वीजवाहक होतो. एकीकडे इंजिनाचा किंवा रेडिएटरचा धातू, दुसरीकडे होज आणि मध्ये कूलंट हा विद्युतअपघटनी, म्हणजे वीज वाहू देणारा, द्रव; म्हणजे बॅटरीसारखा घटच तयार झाला! त्याचं विभवांतर (व्होल्टेज) अगदी कमी असतं, पण ते होजच्या आतल्या थरात बारीक उभ्या चिरा पाडत राहतं. त्यांतून कूलंट मधल्या विणलेल्या धाग्यांपर्यंत झिरपतं आणि धागे कमकुवत होतात. बऱ्याच गाड्यांच्या रेडिएटर कॅपचा दाब 0.9 बारच्या आसपास असतो; तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांपर्यंत उकळत नाही. तो दाब आणि ती उष्णता एक दिवस घाटात तो होज फाडते.

चिरा जास्त करून टोकांकडे, धातूजवळ पडतात. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना क्लिपपासून बोटभर अंतरावर होज चिमटीत दाबा, मग मधे दाबा. टोकाला जास्त मऊ लागला किंवा आत खाच जाणवली, तर बदलाच. नवा घेताना विद्युत-रासायनिक झीज रोखणारं रबर आहे का, हे विचारा. गंधकाऐवजी पेरॉक्साइडने पक्कं केलेलं आणि वीजरोध जास्त असलेलं ईपीडीएम इथे टिकतं. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला 'ओरिजिनल' माल घेऊ नका. रबर फळीवरही म्हातारं होतं.

निळ्या-लाल सिलिकॉन होजची ऑनलाइन जाहिरातबाजी मला पटत नाही. उष्णता ते उत्तम सोसतात, पण त्यांतून पाण्याची वाफ जास्त झिरपते आणि पेट्रोलसाठी साधं सिलिकॉन चालतच नाही. ईपीडीएमही पेट्रोल-तेलात फुगतं. म्हणून इंधनाला नायट्राइलसारखं इंधनाचंच रबर लावायचं, आणि गॅरेजात इंजिन डिझेलने धुऊ द्यायचं नाही.

इंजिनाच्या पुलींवर फिरणाऱ्या रबरी बेल्टचंही तसंच. जुन्या निओप्रीन बेल्टला भेगा पडायच्या, त्या दिसायच्या. ईपीडीएमचा खाचांचा बेल्ट भेग न पडताच झिजतो. खाचा रुंदावतात, बेल्ट पुलीत खोल बसतो आणि घसरू लागतो. नव्या बेल्टशेजारी धरून खाचांची रुंदी ताडून पाहिली की झीज कळते.