भूऔष्णिक साठ्याचे मूल्यमापन

जमिनीखालच्या खडकांत आणि पाण्यात किती उष्णता आहे, त्यातली किती वर काढता येईल आणि तिच्यावर किती मेगावॉटचे वीजकेंद्र किती वर्षे चालेल, याचा टप्प्याटप्प्याने बांधलेला अंदाज. झऱ्याच्या पाण्याचे तापमान ही त्यातली सर्वांत कच्ची खूण. लडाखच्या पुगा खोऱ्यात, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, झरे ८४° से.पर्यंत तापलेले आढळतात. पण तेवढ्या उंचीवर पाणी उकळतेच जवळपास त्या तापमानाला. खाली याहून किती तापले आहे, ते या आकड्यावरून कळत नाही.

ते पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांवरून ताडतात. तापलेले पाणी खडकातली सिलिका जास्त विरघळवते आणि वर येताना निवले तरी ती लगेच सोडत नाही. सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाणही खालच्या तापमानानुसार बदलते. या रासायनिक तापमापींनी पुग्याला २००° से.च्या वरचे आकडे दाखवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात तिथे घेतलेली बोअर मात्र ४०० मीटरच्या आतच राहिली आणि त्यांत सर्वाधिक तापमान १४०° से.च्या आसपास भरले. मधला फरक खोल बोअर घेतल्याखेरीज मिटत नाही. खडकांचा विद्युतरोध मोजणारी सर्वेक्षणे ते कुठे घ्यावे एवढेच सुचवतात.

साठ्याचा आकडा काढण्याची रूढ रीत घनफळाची. १ घन किलोमीटर खडक १००° से.ने निवला, तर साधारण २.७ × १०^१७ जूल उष्णता सुटते. तिच्यातली १० टक्के विहिरींतून वर आली आणि तिच्या १० टक्क्यांची वीज झाली, तर ३० वर्षे जेमतेम ३ मेगावॉट मिळतात. वर येणारा वाटा २० टक्के धरला की आकडा दुप्पट. गोम इथेच आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७८ मध्ये हा वाटा २५ टक्के धरला होता. २००८ मध्ये भेगाळ खडकांसाठी तो ८ ते २० टक्क्यांवर आणला. त्यामुळे हल्ली एकच आकडा न देता गृहीतके हजारो वेळा बदलून शक्यतांचा पल्ला काढतात. भारतासाठी सांगितले जाणारे सुमारे १०,००० मेगावॉटही असेच गृहीतकांवर उभे आहेत. ते ‘उपलब्ध’ म्हणून छापणे धाडसाचे.

विहीर लागल्यावर ती वाहती ठेवून दाब किती उतरतो ते पाहतात. उष्णता भरपूर असूनही पाणी कमी पडू शकते. कॅलिफोर्नियातल्या ‘द गीझर्स’ क्षेत्रात १९८०च्या दशकाअखेर क्षमता २,००० मेगावॉटच्या घरात नेली गेली आणि वाफेचा दाब घसरला. पुढे आसपासच्या गावांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांनी आणून खाली सोडावे लागले.

महाराष्ट्रात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची रांग आहे. उन्हवरे येथील पाणी ७०° से.च्या आसपास. इथे ज्वालामुखीची ताजी धग नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरून तापते. काही ठिकाणी त्यात खारे पाणी मिसळल्याने सोडियम-पोटॅशियमचे गणित फसते, तर थंड पाण्याच्या भेसळीने सिलिकेचे. तापमापींचे बरेचसे अंदाज १००° ते १५०° से.च्या दरम्यान पडतात. एवढ्यावर थेट वाफेचे केंद्र चालत नाही. कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरणारे छोटे संयंत्रच विचारात घेता येते.