मनीऑर्डरीच्या प्रदेशातील कोय कलम

मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी दरमहा पाठवीत असलेल्या मनीऑर्डरीवर कोकणातील असंख्य घरे चालत असत. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाल्यावर अनेक कामगार गावी परतले आणि केवळ गवतासाठी राखलेल्या वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीकडे पोटाचे साधन म्हणून पाहणे भाग पडले. दापोलीला १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठापुढचा प्रश्न त्यामुळे बदलला. आंब्या-काजूची चांगली जात शोधून भागणार नव्हते, तर तिची खात्रीची कलमे मोठ्या संख्येने तयार व्हायला हवी होती.

पूर्वी हापूसचे भेट कलम बांधत. त्यासाठी कुंडीतले रोप मांडव घालून मूळ झाडाच्या फांदीपाशी न्यावे लागे आणि जोड एकजीव होईपर्यंत दोन-तीन महिने तेथेच सांभाळावे लागे. विद्यापीठाने प्रसार केलेल्या कोय कलमात ही यातायात नाही. पावसाळ्यात रुजलेल्या कोयीची पालवी तांबूस, कोवळी असतानाच रोपाचा शेंडा छाटतात, खोडाला मधोमध उभी चीर देतात आणि तेवढ्याच जाडीची, पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी तिच्यात बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. कोवळ्या पेशी झपाट्याने विभागतात, सालीखालचे वाढीचे थर एकमेकांना भिडतात आणि कोयीतला अन्नसाठा तोवर रोपाला पोसत राहतो.

१९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा कलमांची मागणी प्रचंड वाढली. ती पुरवण्याचे तंत्र हाती होते, तसेच साका (गर आतून पांढरट व स्पंजासारखा होण्याचा दोष) न होणारा ‘रत्ना’ आंबा आणि वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातील काजूच्या जातीही होत्या. माझ्या मते विद्यापीठाचे मोठेपण शोधनिबंधांपेक्षा गावोगावच्या खासगी रोपवाटिकांत अधिक दिसते, कारण तिथे ही विद्या विद्यापीठाविना चालू लागली.

आता अडचण वेगळी आहे: तरुण पुन्हा शहरांकडे गेले आणि उंच झाडावर चढणारे गडी मिळेनासे झाले. म्हणूनच विद्यापीठ जुन्या बागांची छाटणी करून झाडे बुटकी ठेवायला सांगते. त्याने विकसित केलेला ‘नूतन झेला’, म्हणजे लांब काठीला बसवलेले फळे काढण्याचे साधन, जमिनीवरूनच आंबा देठासकट काढतो. देठ राहिल्याने चीक फळावर ओघळत नाही आणि साल डागाळत नाही.