रात्री येणारा पॅनिक अटॅक: हृदय एकदा नीट तपासा, मग झोपेला घाबरू नका

झोप लागून दोन तासही झालेले नसतात आणि माणूस ताडकन उठून बसतो. छाती धडधडत असते, श्वास पुरत नाही, हातांना मुंग्या येतात, अंगाला दरदरून घाम सुटतो. आता आपलं काही खरं नाही, अशी खात्रीच वाटते. घर जागं होतं, रिक्षा शोधली जाते आणि कॅज्युअल्टीत पोहोचेपर्यंत धडधड ओसरूनही गेलेली असते. ईसीजी नॉर्मल येतो. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं जातं.

या ‘काही नाही’नेच नुकसान होतं. त्या माणसाला खरोखर काहीतरी झालेलं असतं: झोपेत आलेला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळलेली तीव्र भीतीची लाट. पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे असे अटॅक वारंवार येण्याचा आजार, असलेल्यांपैकी ४४ ते ७१ टक्के लोकांना एकदा तरी असा झोपेतला अटॅक आलेला असतो, असं निरनिराळ्या अभ्यासांत आढळलं आहे.

हा अटॅक वाईट स्वप्नामुळे येत नाही. स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत (मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या टप्प्यात) पडतात आणि ती झोप पहाटेकडे वाढत जाते. अटॅक मात्र बहुतेक वेळा रात्रीच्या पहिल्या काही तासांत, हलकी झोप गाढ होत असताना येतो. या टप्प्यात श्वास थोडा संथ होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो. निरोगी शरीर त्याची दखलही घेत नाही. पण पॅनिकचा त्रास असलेल्या अनेकांचा मेंदू या वायूच्या बाबतीत फार हळवा असतो. मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार मेंदूतली गुदमरण्याची घंटा अशा वेळी विनाकारण वाजते. अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि आपण भराभर श्वास घेऊ लागतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड उलट गरजेपेक्षा कमी होतो, मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती आणखी वाढते.

म्हणून ‘दीर्घ श्वास घे’ हा घरोघरचा सल्ला अर्धवट आहे. श्वास खोल नको, संथ हवा. नाकाने चार अंक मोजत घ्या, सहा मोजत सोडा. अंथरुणातून उठा, पाय थंड लादीवर टेका, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारा. एकाच खोलीत चारजण झोपत असतील तर ओट्यापाशी किंवा गॅलरीत उभं राहिलात तरी चालेल. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप उतरतो. त्याच्याशी झुंजू नका. घरच्यांनी भोवती गराडा घालू नये. एकाने शांतपणे जवळ बसावं, एवढं पुरे.

पण खरं दुखणं दुसऱ्या रात्री सुरू होतं. डोळा लागला तर पुन्हा तसंच होईल, या धास्तीने माणूस मोबाइल बघत एक-दीड वाजवतो, दिवा लावून झोपतो, मनगटावरच्या घड्याळात दर पाच मिनिटांनी ठोके बघतो. झोप तुटते, शरीर अधिक ताणलेलं राहतं आणि पुढच्या अटॅकला वाट मिळते. हे चक्र तोडायचं तर रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचं. झोप येत नसेल तर लोळत पडू नये. उठून काहीतरी संथ काम करावं आणि पेंग आली की आडवं व्हावं.

मुंबईत सगळ्यात कठीण जातं ते जेवणाचं वेळापत्रक. उशिराच्या लोकलने घरी येऊन अकरा वाजता जेवायचं आणि लगेच पाठ टेकायची, यात आम्लपित्त वर येऊन छातीत जळजळ होते, दचकून जाग येते. संध्याकाळच्या कटिंगचंही तसंच. कॅफिन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन अकरा वाजताही अंगात असतं. दारूने झोप लवकर लागते, पण तिचा अंमल उतरताना तीच झोप मोडते.

तरीही पहिल्यांदाच असं झालं असेल, छातीवर दाब असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर पॅनिक समजून घरी बसू नका. १०८ ला फोन करा. मोठ्याने घोरणं आणि गुदमरून जाग येणं हे झोपेत श्वास मधूनमधून थांबण्याच्या आजारामुळे, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियामुळेही असू शकतं. थायरॉइड, दमा, हृदयाच्या ठोक्यांतली गडबड हेही डॉक्टरांनी पाहायला हवं. तपासणी एकदा पूर्ण करा; मग दर महिन्याला नवा ईसीजी काढत बसू नका.

उपचार चांगले आहेत. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या उपचारात, थेरपिस्टच्या देखरेखीखाली मुद्दाम जिने चढून किंवा खुर्चीत गोल फिरून धडधड आणि चक्कर अनुभवायला लावतात, म्हणजे त्या संवेदनांची दहशत उरत नाही. गरज पडली तर एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवर दिली जाणारी, औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यांची सवय लागते. केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे. तिथे जाताना अटॅक किती वाजता आला, आधी काय खाल्लं-प्यायलं आणि तो किती वेळ टिकला, हे कागदावर लिहून न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीतून बोलता येतं.