कट आधी, संगीत नंतर : सारख्या वाटणाऱ्या बीजीएमची पार्श्वभूमी

ब्रह्मपुरी, वडसा, वणी, आर्वी या भागांत गेल्या काही वर्षांत शॉर्ट फिल्म करणारी पोरं वाढली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये एडिटिंग शिकलेले हात तर गावोगावी आधीपासून होतेच. या फिल्मांवर एक आरोप सारखा होतो : बीजीएम, म्हणजे पार्श्वसंगीत, चोरलंय. कधी तो खरा असतो. ट्रॅक जसाच्या तसा उचललेला असतो आणि यूट्यूबचा क्लेम, म्हणजे मूळ मालकाचा कॉपीराइटचा दावा, येतो. पण पुष्कळदा गावातल्याच की-बोर्डवाल्यानं सगळं नव्यानं वाजवलेलं असतं, तरी ऐकणाऱ्याला दुसराच सिनेमा आठवतो. हा दुसरा प्रकार समजून घ्यायचा, तर की-बोर्डवाल्याला सोडून आधी एडिटिंगच्या टेबलापाशी जावं लागतं.

एडिट सुरू होतं तेव्हा संगीत तयार नसतं. मग तात्पुरता म्हणून एखाद्या गाजलेल्या सिनेमाचा ट्रॅक टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर दृश्यांखाली, टाकला जातो. हाच टेम्प ट्रॅक. आपल्याकडे सगळे 'रेफरन्स' म्हणतात. एडिटर त्याच्या ठेक्यावर कट मारतो, नट वळतो तो ढोलाच्या ठोक्यावर, शांतता येते ती व्हायोलिन थांबतात तिथे. दिग्दर्शक तेच महिनाभर ऐकतो. संगीतकाराला बोलावतात तेव्हा लांबी, लय, चढ-उतार सगळं ठरलेलं असतं आणि मागणी एकच असते : "असंच पाहिजे, पण हेच नको."

तयार तुकडे प्रसंगाला जोडायची सवय मूकपटांइतकी जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९२४ साली निघालेल्या वादकांच्या एका जाड संग्रहात पाठलाग, आग, प्रेम असे प्रसंगवार तुकडे लावून दिले होते. तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

खरा वाद १९६८ चा, आणि त्यावर आजही एकमत नाही. '२००१ : अ स्पेस ओडिसी'च्या एडिटिंगला दिग्दर्शकानं जुनं-नवं युरोपीय अभिजात संगीत लावून ठेवलं होतं. एका मुरलेल्या संगीतकाराला लंडनला बोलावून ते ऐकवलं गेलं. यातलं काही आपल्याला ठेवायलाच आवडेल, हेही सांगितलं. त्यानं जेमतेम दोन आठवड्यांत चाळीस मिनिटांहून जास्त संगीत लिहिलं. ताणानं शरीर इतकं आखडलं की रेकॉर्डिंगला त्याला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. मग निरोप आला, पुढचं संगीत नको, बाकी भागात श्वासाचे आवाज पुरतील. न्यूयॉर्कला सिनेमा पाहायला बसल्यावर त्याला कळलं की त्याचा एकही सूर पडद्यावर नाही. तात्पुरतं म्हणून लावलेलं तेच कायम झालं होतं.

दिग्दर्शकाची बाजू सरळ होती : इतकं थोर संगीत हाताशी असताना त्याहून कमी दर्जाचं नव्यानं कशाला लिहून घ्यायचं? परिणाम पाहिला तर हे खोडणं कठीण आहे. त्या सिनेमाची सुरुवात आज कुणी वेगळ्या संगीतासह कल्पूही शकत नाही. पण नाकारलेलं संगीत १९९३ साली रेकॉर्ड होऊन बाहेर आलं, तेव्हा दुसरी बाजू ऐकू आली. सुरुवातीचा तुकडा टेम्प ट्रॅकच्याच धाटणीचा आहे, तसाच हळूहळू उसळत वर जाणारा. इतक्या मोठ्या माणसालाही दिलेल्या साच्यातून पुरतं बाहेर पडता आलं नाही आणि साच्यात राहूनही तो नाकारला गेला. शिवाय ज्या जिवंत संगीतकाराच्या रचना त्या सिनेमात वापरल्या, त्याला आधी नीट विचारलंही नव्हतं. माझ्या मते या निर्णयानं सिनेमा मोठा झाला आणि संगीतकाराची जागा लहान झाली. या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगितल्याशिवाय पहिला सांगू नये.

त्यानंतर टेम्प ट्रॅक हा कामाचा नेहमीचा टप्पा होऊन बसला. 'स्टार वॉर्स' (१९७७) मध्ये जुन्या संगीताच्या खुणा जाणकारांना लगेच सापडतात, तरी तिथे संगीतकारानं स्वतःचं काही उभं केलं. 'ग्लॅडिएटर' (२०००) मधल्या लढाईच्या संगीतावरून २००६ साली इंग्रज संगीतकार होल्स्टच्या 'मार्स' या वाद्यवृंद-रचनेची नक्कल म्हणून दावा दाखल झाला. '३००' या सिनेमाबद्दल तर २००७ साली स्टुडिओनंच निवेदन काढलं की काही तुकडे १९९९ च्या 'टायटस'मधल्या संगीतावरून घेतले गेले आहेत, पण ते आमच्या नकळत. ठपका संगीतकाराच्याच वाट्याला गेला, हे सांगायला नको.

आपल्याकडे २००८ साली एका जाहिरातीच्या धूनवरून हिंदी सिनेमाचं प्रदर्शन मुंबई उच्च न्यायालयात अडलं होतं. निर्मात्यांनी तडजोड केली आणि सिनेमा लागला. तिथे टेम्प ट्रॅकचा प्रश्न नव्हता. पण 'सात सेकंदांपर्यंत उचललं तर चालतं' ही जी समजूत वडशापासून नागपूरपर्यंत प्रत्येक एडिटरच्या तोंडी आहे, तिला कायद्यात आधार नाही, हे त्या प्रकरणातून कळायला हवं होतं. किती सेकंद घेतले यापेक्षा त्या रचनेचं मर्म घेतलं का, हे पाहिलं जातं. नुसता मूड, नुसता ठेका सहसा कुणाच्या मालकीचा नसतो. टेम्प ट्रॅकवरून होणारी नक्कल याच मोकळ्या जागेत राहते, म्हणून ती कानाला पकडता येते पण कोर्टात क्वचितच.

एक गोष्ट इथली म्हणून सांगायलाच हवी. दुसऱ्याच्या चालीवर बेतणं विदर्भाला नवं नाही. गावच्या भजनी मंडळाच्या वहीत भजनाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून सिनेमातल्या गाण्याची ओळ सरळ लिहिलेली असते. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांतही पदांवर मूळ चाल छापायची रीत होती. उसनवारी उजळ माथ्यानं होत होती. आजच्या टाइमलाइनवरचा रेफरन्स मात्र फायनल एक्सपोर्टच्या आधी पुसला जातो आणि त्याचा मागमूस फक्त संगीतकाराच्या कामात उरतो.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात तर वादक रंगमंचाच्या पुढ्यात, नटाच्या तोंडाकडे पाहत बसतात. दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर ऑर्गन, तबला आणि आता ऑक्टोपॅड नटाच्या श्वासामागून जातात. नट रडताना थांबला तर सूरही थांबतो. त्या वादकाचं खरं कसब हेच आहे. त्यालाच शॉर्ट फिल्मसाठी बोलावून, आता बदलायचा नाही असा पक्का झालेला कट आणि वर एक हॉलिवूडचा ट्रॅक हातात देणं, हा मला सर्वांत मोठा तोटा वाटतो. कट लावण्याआधी त्याला रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ शूटिंग, दाखवावेत. पहिला कट मुका ठेवावा, किंवा त्याचंच काही वाजवलेलं खाली टाकावं. याला जास्तीचा पैसा लागत नाही, चार दिवस आधी बोलवावं लागतं.

कायद्यानं २०१२ च्या दुरुस्तीपासून सिनेमातल्या गीतकार-संगीतकाराला थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत हक्क घेणाऱ्या निर्मात्याच्या बरोबरीनं वाटा दिला आहे आणि तो लिहून देऊनही सोडता येत नाही. गावातली शॉर्ट फिल्म यूट्यूबवर चालते तेव्हा हा हक्क की-बोर्डवाल्यालाही लागू होतो. पण त्याच्याशी बहुतेकदा कागदच झालेला नसतो. क्लेम आला, तर कुठला तुकडा आपला आणि कुठला रेफरन्सचा, हे दाखवायला त्याच्याकडे काही नसतं, आणि नाव असलंच तर शेवटी, आभाराच्या यादीत.